एअर रायफलचा ग्रुप फुटतोय? नवी घेण्याआधी हे क्रमाने तपासा

रेंजवर माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच आहे: "ग्रुप बसत नाही, रायफल खराब निघाली." ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका; तो पसरला की फुटला म्हणायचं. मी बोलतोय ती १० मीटर मॅच एअर रायफलबद्दल, म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरची आणि हवेच्या सिलिंडरवर चालणारी. चांगली परदेशी रायफल नवी घ्यायची तर दोन-तीन लाख रुपये लागतात आणि नेमबाजी करणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी हा पैसा कर्ज काढून उभा राहतो. म्हणून रायफल बदलायचा विषय निघाला की आधी ही तपासणी करायला लावतो. बहुतेक वेळा दोष पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच सापडतो आणि त्याला खर्च जवळपास काही येत नाही.

आधी लक्षण ओळखा

नुसतं "ग्रुप फुटतो" म्हणून भागत नाही. फुटण्याचे प्रकार वेगळे आणि त्यांची कारणंही वेगळी. दहा-दहा शॉटची तीन कार्डं मारा, त्यांच्यावर तारीख घाला आणि नीट बघा.

- ग्रुप गोलच आहे, पण चहूबाजूंनी मोठा झालाय: पेलेट (शिशाची छोटी गोळी), घाण बॅरल किंवा मारणाऱ्याची पोझिशन.
- एकाच कार्डावर दोन वेगळे पुंजके पडतात: कुठेतरी काहीतरी ढिलं आहे आणि ते दोन जागांच्या मध्ये हलतंय.
- ग्रुप छान लहान आहे, पण रोज नव्या ठिकाणी पडतो: साइट (नेम धरायचं साधन) किंवा तिचा स्क्रू.
- ग्रुप उभा लांबलाय, आडवा ठीक आहे: हवेचा दाब, रेग्युलेटर (शॉटला मिळणारा दाब सारखा ठेवणारा भाग).
- थोडं थांबून मारलेला पहिला शॉट नेहमी वेगळा जातो: रेग्युलेटर.
- नऊ शॉट एकत्र आणि एखादाच लांब: बहुधा वाकलेलं पेलेट.
- सिलिंडरचा दाब रात्रीत उतरतो: ओ-रिंग (सांधा बंद ठेवणारी रबरी कडी), किंवा नुसतं तापमान.

आता फुटला म्हणायचं तरी कधी? टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत आलं की १०.०, आणि तिथून प्रत्येक पाव मिलिमीटर आत गेलं की ०.१ वाढतो. १०.९ हवा तर पाव मिलिमीटरच्या आत. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने दिव्यांश सिंग पन्वर आणि ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर यांच्यासोबत सांघिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा तिघांचे मिळून १८९३.७ गुण होते. १८० शॉटची सरासरी काढली तर १०.५२ येते, म्हणजे सरासरी शॉट केंद्रापासून सव्वा मिलिमीटरच्या आसपास. या खेळात एक मिलिमीटर म्हणजे ०.४ गुण. त्यामुळे स्क्रू पाव फेरा ढिला असला तरी तो कार्डावर दिसतो.

मोजायची पद्धत सोपी आहे. कार्डावरचा ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करा. चांगली मॅच रायफल क्लॅम्पमध्ये (हलू न देणाऱ्या शिकंज्यात) बांधून मारली तर दहा शॉट दीड-दोन मिलिमीटरच्या आत ठेवते. नव्या रायफलीसोबत कारखान्याचं टेस्ट कार्ड येतं, ते जपून ठेवा. तुमची रायफल काय करू शकते याचा तो लेखी पुरावा आहे.

हात लावण्याआधी

तोंड टार्गेटकडेच. ब्रीच (पेलेट घालायची जागा) उघडी, बॅरलमधून सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याचं दाखवणारी दोरी) आरपार. स्क्रूला हात लावण्याआधी सिलिंडर काढा. पण सिलिंडर काढला म्हणजे रायफल रिकामी झाली असं धरू नका. आतल्या प्रेशर चेंबरमध्ये एखाद्या शॉटपुरती हवा उरते. फ्लॅग काढून, पेलेट न घालता, टार्गेटकडे तोंड करून, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत ट्रिगर दाबा आणि मगच अ‍ॅलन की हातात घ्या.

१. पेलेट आणि माणूस बदलून बघा

ही फुकटातली तपासणी आहे आणि हीच सगळे टाळतात. शेजारच्या लेनवरच्या चांगल्या नेमबाजाला तुमच्या रायफलीतून दहा शॉट मारायला सांगा. मग त्यालाच त्याच्या रायफलीतून तुमचे पेलेट मारायला सांगा. तुमच्या रायफलीतून त्याचा ग्रुप बसला तर रायफल निर्दोष आहे, प्रशिक्षकाकडे जा. त्याच्या रायफलीतूनही तुमचे पेलेट फुटले तर डबा बदला.

पेलेट मऊ शिशाचं असतं आणि मागचा घेर कागदासारखा पातळ. डबा दप्तरात टाकून मोटारसायकलवरून रोज नेला की घेर चेपतात. चेपलेला घेर बॅरलमध्ये हवा एका बाजूने सोडतो आणि शॉट भरकटतो. पेलेट पांढऱ्या कापडावर ओतून एकेक बघा, वाकडी बाजूला काढा. पावसाळ्यात उघड्या डब्यात शिशावर पांढरट भुकटी धरते, तो डबा स्पर्धेला वापरू नका. शिशाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, मुलांनी तर खाण्याआधी नक्कीच.

डब्यावर डोक्याचं माप लिहिलेलं असतं: ४.४९, ४.५०, ४.५१. प्रत्येक बॅरलला एखादंच माप मानवतं आणि ते मारूनच कळतं. मित्राला ४.५० चालतं म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. ग्रुप नवा डबा उघडल्यापासून फुटायला लागलाय का, हा माझा पहिला प्रश्न असतो.

२. साइट

बॅकसाइट (डोळ्याजवळची साइट) दोन बोटांत धरून हळू हलवा. जराही खेळ जाणवला तर रेलवरचा स्क्रू आवळा. फोरसाइटच्या (बॅरलच्या टोकाकडच्या साइटच्या) आतली रिंग फिरते का बघा, तिला धरणारी चूड ढिली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग साइटचे क्लिक तपासा. टेकू घेऊन पाच शॉट मारा, दहा क्लिक वर, दहा उजवीकडे, दहा खाली, दहा डावीकडे, प्रत्येक ठिकाणी पाच शॉट. शेवटचा ग्रुप पहिल्यावरच पडला पाहिजे. नाही पडला तर साइटच्या आतल्या आट्यांत खेळ आहे. अशी साइट दुरुस्त करण्यापेक्षा बदललेली बरी, आणि साइटपायी पूर्ण रायफल बदलायची तर मुळीच गरज नाही.

३. स्क्रू

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. अ‍ॅक्शन (बॅरल आणि ट्रिगर धरणारा धातूचा भाग) आणि स्टॉक (हातात-खांद्यावर धरायचा सांगाडा) यांना धरणारे मुख्य स्क्रू खालून असतात. ते एकसारखे आवळलेले नसतील तर प्रत्येक शॉटला अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये किंचित वेगळी बसते. एका कार्डावर दोन पुंजके दिसतात ते बऱ्याचदा यामुळेच. लाकडी स्टॉक असेल तर पावसाळ्यात लाकूड फुगतं, हिवाळ्यात आक्रसतं आणि जूनमध्ये आवळलेला स्क्रू डिसेंबरमध्ये सैल लागतो. अ‍ॅल्युमिनियम स्टॉकला हा त्रास नाही, पण त्यात सांधे जास्त: चीक-पीस (गाल टेकायचा भाग), बट-प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), हँड-स्टॉप (पुढचा हात अडवणारा), ग्रिप (मूठ), फोर-एंड (पुढचा हात धरतो तो भाग). प्रत्येक सांधा म्हणजे ढिलं होऊ शकणारी एक जागा.

हाताच्या अंदाजाने आवळू नका. मॅन्युअलमध्ये प्रत्येक स्क्रूचा टॉर्क (किती जोराने आवळायचा ते) दिलेला असतो. महागड्या सायकलींच्या दुकानात कमी क्षमतेची टॉर्क की मिळते. क्लबने एक घेऊन ठेवली तरी पुरे. जोरात आवळलं म्हणजे चांगलं बसलं, ही समजूत अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या खाऊन टाकते. आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे लांबूनही कळतं. माझ्या देखरेखीखालच्या प्रत्येक रायफलीवर ही रेघ आहे आणि सरावाआधी मुलं ती बघतात.

चीक-पीस आणि बट-प्लेटकडे विशेष लक्ष द्या. चीक-पीस दोन मिलिमीटर खाली सरकलं तर डोळा साइटच्या भोकामागे वेगळ्या जागी येतो आणि चित्र बरोबर दिसूनही शॉट सरकतो. इथे रायफलही बरोबर आणि नेमबाजही बरोबर, फक्त गाल रोज वेगळ्या ठिकाणी टेकतोय. प्रत्येक पट्टीवरचा आकडा वहीत लिहून ठेवा.

४. बॅरलला काही टेकतंय का

बॅरल आणि सिलिंडर यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघा. तुमच्या मॉडेलमध्ये जिथे मोकळी जागा असायला हवी, तिथे पट्टी अडता कामा नये. टेकणारी वस्तू बॅरलच्या कंपनात दर वेळी वेगळी ढवळाढवळ करते. बॅरलवर वजनं लावली असतील तर ती काढून दहा शॉट मारा. बॅरलच्या पुढे बसवलेल्या पोकळ नळीत टॉर्चने बघा. आत एका बाजूला शिशाची रेघ दिसली तर पेलेट तिथे घासतंय, नळी वाकडी बसलीय.

५. हवा

सिलिंडर उतरतो अशी तक्रार घेऊन आलात तर आधी तापमानाचा हिशेब करा. दुपारी ३० अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर रात्री २० अंशांवर आला की मीटर १९३ च्या आसपास दाखवतो. ही गळती नव्हे. घाईघाईने भरलेला सिलिंडर गरम होतो आणि थंड झाल्यावर आणखी उतरतो, म्हणून सावकाश भरा.

तापमान सारखं असूनही उतरत असेल तर एक रात्र सिलिंडर रायफलीवरून काढून ठेवा, दुसऱ्या रात्री लावून ठेवा. काढलेला असतानाही उतरला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये. लावलेला असतानाच उतरला तर रायफलीच्या बाजूला, बहुधा जोडणीच्या ओ-रिंगमध्ये. सांध्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला की बुडबुडा जागा दाखवतो. बाहेरून हाताला लागणारी ओ-रिंग कंपनीच्याच मापाची आणून बदलता येते. हार्डवेअरच्या दुकानातली दिसायला सारखी रिंग इतक्या दाबाला टिकत नाही.

कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचा ओलावा हा मोठा शत्रू आहे. हातपंपाने भरलेल्या हवेत पाणी असतं, ते सिलिंडरमध्ये आणि पुढे रेग्युलेटरमध्ये जातं. पंपाला किंवा कॉम्प्रेसरला ओलावा टिपणारा फिल्टर लावा आणि त्यातली जाळी वेळच्या वेळी बदला.

आणि हे कायम लक्षात ठेवा: सिलिंडरमध्ये फक्त कोरडी हवा. ऑक्सिजन कधीही नाही. गॅस वेल्डिंगच्या किंवा दवाखान्याच्या सिलिंडरवरून भरून देतो म्हणणारा भेटला तर तिथून निघा. उच्च दाबाचा ऑक्सिजन आतल्या ग्रीसला किंवा तेलाला लागला की पेट घेतो, आणि सिलिंडर असतो नेमबाजाच्या हाताजवळ, चेहऱ्यासमोर.

६. बॅरल

मॅच एअर रायफलची बॅरल फार घासावी लागत नाही. फेल्टच्या गोळ्या ब्रीचकडून घालून मारा, पहिली काळी येईल, स्वच्छ निघेपर्यंत पुढच्या घाला. मग पंधरा-वीस शॉट बॅरल स्थिरावायला द्या आणि त्यानंतर ग्रुप मोजा. लोखंडी गज, तारेचा ब्रश, रॉकेल, गंज काढायचा स्प्रे, यांपैकी काहीही नको. तोंडाकडून गज घातला तर बॅरलची शेवटची कड खरवडते, आणि पेलेट सुटताना शेवटचा स्पर्श त्याच कडेचा असतो. ती बिघडली की ग्रुप परत मिळत नाही.

७. ब्रीचची ओ-रिंग

लोडिंगच्या जागी एक छोटी ओ-रिंग असते. ती झिजली की हवा मागे सुटते आणि शॉटचा जोर कमी-जास्त होतो. ब्रीचच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवून एक शॉट मारा. पट्टी उडाली तर रिंग बदला. काढताना टाचणी वापरू नका, खोबणीवर ओरखडा पडला तर नवी रिंगही गळेल. लाकडी दात-कोरणी पुरते. हात धजत नसेल तर इथेच थांबा.

८. वेग मोजा

आता क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) लागतो, तो क्लबकडे किंवा दुरुस्तीवाल्याकडे असतो. मॅच रायफलचा वेग साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद असतो. या वेगाने दहा मीटर जाईपर्यंत पेलेट सुमारे १७ मिलिमीटर खाली येतं. वेग तीन टक्क्यांनी, म्हणजे पाच मीटरने बदलला तर ते एक मिलिमीटर वर-खाली लागतं. म्हणून वेगाचा दोष उभ्या ग्रुपमध्ये दिसतो. ग्रुप आडवा फुटला असेल तर रेग्युलेटरच्या मागे लागू नका, परत साइट आणि स्क्रूकडे जा.

दहा शॉट मोजा. सगळे एक-दोन मीटरच्या फरकात असतील तर हवेची यंत्रणा उत्तम आहे. मग रायफल पंधरा मिनिटं तशीच ठेवून एक शॉट मारा. तो बाकीच्यांपेक्षा वेगळा आला आणि नंतरचे पुन्हा जागेवर आले, तर रेग्युलेटर हळूहळू दाब सोडतोय. निदान झालं. त्याची दुरुस्ती मात्र तुमची नाही.

वेग वाढवून देतो, पॉवर वाढवून देतो, असं कुणी सुचवलं तर नकार द्या. या रायफलीची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते आणि तिची सगळी अचूकता त्याच वेगाला बांधलेली असते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूलच्या वर परवान्याचा प्रश्न येतो, तो वेगळाच.

९. क्लॅम्प

इथवर सगळं ठीक असूनही ग्रुप मोठाच येत असेल, तर क्लॅम्पवर बांधून तीन-चार वेगळ्या लॉटचे पेलेट मारायचे आणि कारखान्याच्या टेस्ट कार्डाशी ताडून बघायचं. पोझिशन, श्वास, ट्रिगर, सगळं यात बाजूला होतं. क्लॅम्पवरही सगळे लॉट फुटले, तरच बॅरलवर संशय घ्या. त्याआधी नाही.

जुनी रायफल घेताना

हाच क्रम वापरा, फक्त सुरुवात सिलिंडरपासून करा. त्यावर तारीख कोरलेली असते आणि बहुतेक जर्मन कंपन्या १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि तो मुदतीत असल्याची जबाबदारी नियमाने नेमबाजाची आहे. विकणाऱ्याने सिलिंडरचा विषयच टाळला तर नव्या सिलिंडरची किंमत भावातून कमी करून मागा. स्क्रूची डोकी बघा. ती चुरगळलेली असतील तर रायफल चुकीच्या अवजारांनी उघडली गेलीय. लोडिंगचा लीव्हर सावकाश बंद करा, शेवटपर्यंत सारखा जोर लागला पाहिजे. पट्ट्यांवरचे आकडे स्पष्ट हवेत आणि आवळल्यावर काहीही हलता कामा नये. रंग उडालाय, ओरखडे आहेत, याला महत्त्व देऊ नका. रंग उडालेली पण नीट ठेवलेली रायफल चकचकीत पण उघडून बसवलेल्या रायफलीपेक्षा कधीही चांगली.

ट्रिगरही तिथेच तपासा. पेलेट न घालता ड्राय फायरवर (हवा न सोडता नुसता ट्रिगर चालवायच्या सोयीवर) कॉक करा, तोंड टार्गेटकडे, आणि बटवर तळहाताने थाप द्या. ट्रिगर सुटला तर ती रायफल तशी वापरायची नाही. एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान अट नाही, म्हणून काहीजण तो नको इतका हलका करून ठेवतात.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही असेल तर रायफल बंद करा आणि कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे किंवा मॅच रायफलींचं काम करणाऱ्या अनुभवी आर्मररकडेच (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडेच) द्या.

- सिलिंडरवर खोल ओरखडा, पोचा, गंज किंवा संपलेली मुदत. यावर दुरुस्ती नाही, सिलिंडर बाद.
- सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळतोय. दाब असताना तो उघडणं जीवावर बेतू शकतं.
- रेग्युलेटर उघडायची वेळ.
- थाप दिल्यावर सुटणारा ट्रिगर, किंवा आपोआप झालेला एकही शॉट. ट्रिगरच्या आतले भाग कानशीने घासणाऱ्याकडे रायफल देऊ नका.
- इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या बॅटरीपलीकडचा कोणताही दोष.
- क्लॅम्पवरही फुटणारा ग्रुप.

रायफल देताना सोबत तीन गोष्टी द्या: तारीख घातलेली कार्डं, तुम्ही कोणत्या पायऱ्या कोणत्या क्रमाने केल्या त्याची यादी, आणि ज्या पेलेटने मारलंत त्याच लॉटचे पन्नासेक पेलेट. क्रोनोग्राफचे आकडे असतील तर तेही. नुसतं "ग्रुप फुटतो" सांगून दिलेली रायफल तिथे पहिल्या पायरीपासून तपासली जाते आणि त्या वेळाचे पैसे तुम्हाला भरावे लागतात. परत आल्यावर आधी क्लॅम्पवरचं नवं कार्ड मागून घ्या, स्क्रूवरच्या रेघा पुन्हा ओढा आणि मगच साइट लावा.